पासंग

पायसांदूतलं मटणाचं दुकान विकलं
तेव्हा बाबांनी हुक दिले, सुरे दिले,
मधोमध झिजलेला लाकडी ठोकळासुद्धा दिला.
तराजू मात्र घरी आणला.
एका पारड्याच्या पोटाला अजून शिशाची चकती आहे,
दोन्ही बाजू सारख्या करणारी.
चाळीस वर्षांत गावात एकही बाई म्हणाली नाही
की अन्सेल्मोचा अंगठा पारड्यावर होता.

आता त्यावर आमचं जेवण चढतं.

मी त्रेसष्ट किलो. ज्युदोतल्या माझ्या गटाची हद्दही त्रेसष्टच,
त्यामुळे वजनकाट्याशी माझं नातं सासरच्या माणसाशी असतं तसं :
रोज भेटायचं, जपून बोलायचं.
प्रशिक्षक म्हणतात, किलोमागे एक पूर्णांक सहा.
म्हणजे दिवसाला शंभर ग्रॅम प्रोटीन,
फोनमधलं निळं वर्तुळ मिटेपर्यंत.
सकाळी तीन अंडी, अठरा. दुपारी मसूर, मासा, पुन्हा मसूर.
रात्री बारा कमी पडतात
तेव्हा फ्रीजच्या उजेडात उभी राहून मी चीज खाते,
भूक नसताना,
हप्ता भरल्यासारखी.

बाबा ऐंशी किलो.
त्यांच्या मूत्रपिंडांनी मार्चमध्ये हात वर केले.
डॉक्टर इरुपे यांनी कागदावर लिहिलं :
किलोमागे शून्य पूर्णांक सहा. एकूण अठ्ठेचाळीस.
बाबांनी कागद उलटा करून पाहिला.
"एका जेवणाला?"
"दिवसाला."

टिंबानंतर आम्हा दोघांनाही सहाच.
टिंबाआधी मला एक, त्यांना शून्य.
तेवढ्यात एक अख्खा बैल मावतो.

बाबांना फोन नको होता. त्यांनी उधारीची वही काढली,
जिच्यात एतेल्विनाबाईंच्या बरगड्यांची बाकी अजून आहे,
त्यांच्या नवऱ्याच्या मयताच्या आठवड्यातली,
कधीच न मागितलेली.
कोऱ्या पानावर गिऱ्हाइकाचं नाव घातलं : अन्सेल्मो.
अंडं एक, सहा.
पाव दोन काप, पाच.
माते, शून्य. पुढे एक ठसठशीत रेघ, खुशीची.
एका रात्री लिहिलं, "शिल्लक नऊ, उद्याच्या खाती."
मी म्हटलं, बाबा, हे पुढे ओढता येत नाही,
उरलं ते गेलं.
म्हणाले, "मग ही कसली पेढी, नाहिर?"

रविवारी अंगणात लाकडं पेटवली.
सुल्पिसियो काका आले, पोरं आली, कुत्री न बोलावता आली.
बाबा निखाऱ्यांशी उभे. हातात फक्त खडं मीठ.
मांसाला बोट लावून सांगत होते,
हे झालं, हे अजून पाच मिनिटं, हे त्या पोराला दे, तो वाढतोय.
सगळ्यांची ताटं भरली. वर्तुळं, टिंबं कुणाला आठवतात,
चरबी हनुवटीवरून ओघळत असताना.

मग ते आत आले. मी दाराशी होते.
एका पारड्यात पन्नासचं वजन आणि दहाचं.
दुसऱ्यात कडेचा, किंचित करपलेला तुकडा.
सकाळपासून बत्तीस झालेले.
साठ ग्रॅमचे सोळा, की हिशेब चुकता.

पारडं खाली गेलं.
बाबांनी सुरी उचलली, तुकड्याच्या टोकाशी नेली,
परत ठेवली.
आणि करंगळी,
त्या पारड्याखाली गेली करंगळी,
पाळण्यातलं मूल उठू नये इतक्या हलक्या हातानं
वर उचलून धरलं मांस
साठाच्या बरोबरीला.

मापात पाप, आयुष्यात पहिल्यांदा,
आणि गिऱ्हाईक स्वतःच.

मंगळवारी रक्त द्यायचंय.
रक्ताला पासंग चालत नाही, हे मला कळतं.
वही माझ्यासमोर होती, पेन्सिल त्यातच.

"सोळा?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"सोळाच," मी म्हटलं,
आणि लिहिलं, माझ्या अक्षरात.

ते खुर्चीत बसले, खिडकीकडे तोंड करून.
खूप वेळ चावत राहिले.